टीएमएस ‘तुमच्या मेंदूनुसार’ करतात म्हणजे नेमकं काय करतात?

प्रश्न असा आहे: “माझ्या धाकट्या बहिणीला, वय ३४, चार वर्षांपासून डिप्रेशन आहे. दोन वेगवेगळी औषधं पूर्ण डोसमध्ये, पुरेसे दिवस घेऊन झाली. फरक थोडाच पडला. डॉक्टरांनी टीएमएस सुचवलंय. एका केंद्रात टेपनं डोकं मोजून, टोपीवर खूण करून उपचार देतात. दुसऱ्या केंद्रात आधी एमआरआय काढून ‘वैयक्तिक मेंदू-नकाशा’ बनवतात आणि अडीच पट पैसे घेतात. हा फरक खरा आहे का? उपचार जास्तीत जास्त अचूक व्हावा म्हणून आम्ही काय बघायचं?”

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि गेली तेरा वर्षं पुण्यात टीएमएस, म्हणजे डोक्यावर तारेचं वेटोळं (कॉइल) धरून चुंबकीय ठोक्यांनी मेंदूला चालना देण्याचा उपचार, करते. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, आणि दोन वाक्यांत उत्तर दिलं की विचारणाऱ्याची फसगत होण्याची शक्यता असते. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. ‘वैयक्तिक’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, त्या माणसाच्या मेंदूत कुठे उपचार द्यायचा ते ठरवणं. दुसरी, ठरलेल्या जागी रोज, न चुकता, तिथेच पोचणं. तिसरी, त्या माणसाला लागेल तेवढीच ताकद देणं. जाहिरात जवळजवळ नेहमी पहिल्या गोष्टीची असते, कारण रंगीत नकाशा दाखवता येतो. माझ्या अनुभवात उपचार फसतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत, आणि त्या दोन्ही सुधारायला लागतात फक्त वेळ, शिस्त आणि एक वही.

कॉइल काय करते हे समजलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच तत्त्व माणसाच्या डोक्यावर वापरलं. हात हलवणाऱ्या भागावर कॉइल धरली, एक ठोका दिला आणि विरुद्ध बाजूच्या हाताचे स्नायू आखडले. कापाकापी नाही, भूल नाही. आजची मशीनही हेच करते. एमआरआय मशीनइतकं, दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र ती क्षणाच्या अगदी छोट्या भागापुरतं उभं करते आणि कवटीखाली दोनतीन सेंटिमीटरपर्यंत मेंदूत वीज खेळवते. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल वापरतात, कारण दोन्ही वेटोळ्यांचा जोर मध्यावर एकवटतो. पण कॉइलला काही दिसत नाही. ती जिथे टेकवली आणि जशी टेकवली, तिथेच काम करते. आणि मेंदूपासून जरा दूर गेली की तिचा जोर झपाट्यानं कमी होतो.

डिप्रेशनमध्ये आपण डाव्या कपाळाच्या वरच्या अंगाला, केसांच्या रेषेच्या थोडं मागे, डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स नावाच्या भागावर उपचार देतो. बोलताना आम्ही त्याला डीएलपीएफसी म्हणतो. अडचण अशी, की हाताच्या भागावर ठोका दिला की अंगठा हलतो आणि जागा बरोबर असल्याचं लगेच कळतं. डीएलपीएफसीवर ठोका दिला तर बाहेर काहीच हलत नाही. जागा चुकली तरी खोलीत कुणाला पत्ता लागत नाही. मशीन टकटक करत राहते, पेशंट समजुतीनं बसून राहतो, सहा आठवडे निघून जातात.

सुरुवातीच्या काळात यावर एक सोपा तोडगा होता. अंगठा हलतो ती जागा शोधायची आणि तिथून ५ सेंटिमीटर पुढे जायचं. डोकं लहान असो की मोठं, सगळ्यांना तेच पाच. २००१ मध्ये जर्मनीतल्या हेरविग आणि सहकाऱ्यांनी २२ जणांमध्ये हा नियम एमआरआयनं तपासला, तर फक्त ७ जणांमध्ये कॉइल खरोखर डीएलपीएफसीवर होती. बाकीच्यांमध्ये ती बरीच मागे, हालचालींचं नियोजन करणाऱ्या भागाकडे पडत होती. पुढे अमेरिकेत सुमारे १९० पेशंटवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात संशोधकांनी एमआरआय बघून जवळजवळ एकतृतीयांश लोकांची कॉइल पुढे सरकवली. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. खऱ्या उपचारानं १४.१ टक्के लोक पूर्ण बरे झाले, नकली उपचारानं ५.१ टक्के. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं २००८ मध्ये डिप्रेशनसाठी टीएमएसला जी परवानगी दिली, तिचा पाया असलेल्या ३०१ पेशंटच्या चाचणीतही जागा पाच सेंटिमीटरच्याच नियमानं ठरवली होती. कुणी जुन्या आकड्यांवर बोट ठेवून “टीएमएसनं फारसं काही होत नाही” म्हणालं, की मला हा नियम आठवतो. त्या सरासरीत चुकीच्या जागी उपचार मिळालेली माणसंही आहेत.

आता टेपकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात टेप जरा कमीपणानं आली आहे. २००९ मध्ये बीम आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत दिली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचं अंतर आणि डोक्याचा घेर अशी तीन मापं घ्यायची, ती एका साध्या प्रोग्रॅममध्ये घालायची, की ईईजीच्या, म्हणजे मेंदूतली वीज टिपणाऱ्या तपासणीच्या, ‘एफ३’ बिंदूची जागा मिळते. तो साधारण डीएलपीएफसीवर येतो. मापं त्या माणसाच्या डोक्याची असतात, म्हणून हीही एका अर्थानं वैयक्तिकच पद्धत आहे. टोरांटोच्या गटानं २०१५ मध्ये ती एमआरआयनं ठरवलेल्या बिंदूशी ताडून बघितली. निम्म्या लोकांमध्ये फरक साडेसहा मिलिमीटरच्या आत होता आणि ९५ टक्के लोकांमध्ये साधारण १.४ सेंटिमीटरच्या आत. म्हणजे पाच सेंटिमीटरच्या नियमाकडून टेपकडे येताना जेवढी चूक सुधारते, तेवढी टेपकडून एमआरआयकडे जाताना सुधारत नाही. तुम्ही म्हणता त्या पहिल्या केंद्रात या पद्धतीनं तीन मापं घेत असतील, तर त्यांना मागासलेलं समजू नका. अजून ‘पाच सेंटिमीटर पुढे’ चालू असेल, तर मात्र तिथून उठून या.

टेपचा कमजोर दुवा दुसऱ्या दिवशी दिसतो. पहिल्या दिवशी डॉक्टर स्वतः मोजतात, टोपीवर मार्करनं फुली मारतात. दुसऱ्या दिवसापासून ती टोपी टेक्निशियन चढवतो. टोपी जरा मागे बसली, जरा फिरली, की फुलीही सरकली. चारसहा धुण्यांत टोपी ताणली जाते. म्हणून आमच्याकडे टोपीची पुढची कड भुवयांच्या मधल्या बिंदूपासून किती वर आहे आणि दोन्ही कानांच्या छिद्रांपासून किती दूर आहे, हे रोज मोजून लिहितात. त्याला दोन मिनिटं लागतात. नॅव्हिगेशनचा, म्हणजे डोक्यावरचा पट्टा आणि कॉइल यांची जागा इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं सतत टिपणाऱ्या यंत्रणेचा, माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे. कॉइल तीनचार मिलिमीटर सरकली किंवा कलली की पडद्यावर दिसतं. एमआरआय नसला तरी प्रमाणित डोक्याच्या नमुन्यावर ही यंत्रणा चालते आणि रोज त्याच जागी परत यायला मदत करते. कोन महत्त्वाचा आहे तो यासाठी, की मेंदूच्या घड्यांना वीज कुठल्या दिशेनं ओलांडते यावर पेशी उत्तेजित होणं अवलंबून असतं. कॉइलचा दांडा सहसा मधल्या रेषेशी ४५ अंशांत ठेवतात. बरोब्बर जागेवर पण एका कडेनं उचललेली कॉइल म्हणजे अर्धा उपचार.

आणि केस. परदेशी पाठ्यपुस्तकांत यावर फारसं सापडत नाही, पण आपल्याकडे हा रोजचा विषय आहे. कॉइल डोक्यापासून एक मिलिमीटर दूर गेली, की तोच परिणाम मिळवायला मशीनच्या ताकदीचे सुमारे ३ टक्के जास्त लागतात. हा आकडा मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे हालचाली करवणाऱ्या भागावर, मोजलेला आहे. आता हिशेब करा. कॉइलखाली दाट वेणीचा पाच मिलिमीटरचा थर आला, तर साधारण पंधरा टक्के जोर वाटेतच गेला. माझ्याकडे सुरुवातीच्या वर्षांत एक शिक्षिका यायच्या, गुडघ्यापर्यंत केस. पहिल्या दिवशी ताकद ठरवताना त्यांनी केस मोकळे सोडले होते. नंतर शाळेतून थेट यायच्या त्या घट्ट अंबाडा घालून, आणि खुर्चीत मागे अडचण नको म्हणून त्या तो पुढे ओढून बांधायच्या. तिसऱ्या आठवड्यात, काहीच सुधारणा नाही म्हणून मी स्वतः शेजारी उभी राहिले, तेव्हा कॉइलखाली केसांची गादी दिसली. ती माझी चूक होती, त्यांची नाही. त्या दिवसापासून आमचा नियम आहे. मधोमध भांग, डाव्या कपाळाजवळचे केस दोन बाजूंना पांगवलेले, वेणी खाली मानेवर, क्लिप आणि पिना काढलेल्या. आणि ताकद मोजताना केस जसे होते तसेच रोज. बहिणीचे केस लांब असतील तर हे आधीच सांगून ठेवा.

ताकद मोजण्याबद्दल आता नीट सांगते, कारण अचूकतेचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे. प्रत्येकाचा ‘मोटर थ्रेशोल्ड’ काढायचा असतो. हाताच्या भागावर ठोके द्यायचे आणि दहापैकी पाच वेळा अंगठ्याचा किंवा तर्जनीचा स्नायू प्रतिसाद देईल अशी कमीत कमी ताकद शोधायची. त्याच्या १२० टक्के ताकद सहसा उपचारासाठी वापरतात. वाचायला सोपं वाटतं. पण हाताची सगळ्यात संवेदनशील जागा नीट शोधायला कधीकधी वीस मिनिटं जातात. घाईत जागा पाऊण सेंटिमीटर चुकली, तर थ्रेशोल्ड खरा असतो त्यापेक्षा जास्त येतो. मग पेशंटला गरजेपेक्षा जास्त ताकद मिळते, टाळू दुखते, डोळा फडफडतो आणि फिटचा धोकाही वाढतो. उलट, भीतीनं मूठ आवळून बसलेल्या माणसाचा थ्रेशोल्ड खोटा कमी येतो आणि उपचार मिळमिळीत होतो. स्नायूवर ईएमजीचे, म्हणजे स्नायूतली वीज टिपणाऱ्या तपासणीचे, इलेक्ट्रोड लावून मोजणं उत्तम. नुसतं डोळ्यांनी बघून काढलेला थ्रेशोल्ड साधारणपणे जास्तच येतो.

शिवाय हा आकडा कायमचा नसतो. जागरण, दारू, औषधातला बदल, कशानंही तो हलतो. आपल्याकडे क्लोनाझेपाम किती सहज चालू असतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. झोपेसाठी म्हणून सुरू केलेली गोळी तीन वर्षं चालूच राहते. क्लोनाझेपामसारखी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं घेणाऱ्यांमध्ये टीएमएसचा परिणाम कमी दिसतो, असं एकापेक्षा जास्त अभ्यासांत आढळलं आहे. पण कोर्सच्या मध्येच ती एकदम बंद केली तर मेंदूची उत्तेजनक्षमता वाढते आणि फिट येऊ शकते. म्हणून कमी करायची तर आधीपासून, हळूहळू, डॉक्टरांना सांगून. टीएमएसमध्ये फिट येण्याचं प्रमाण हजारात एकाहून कमी आहे, आणि ते तसंच राहायला हवं. मी थ्रेशोल्ड दर आठवड्याला आणि औषध बदललं की त्याच दिवशी पुन्हा काढते.

मोटर भागाचा थ्रेशोल्ड काढून ताकद ठरवतो, पण उपचार तर कपाळाच्या भागावर देतो. कवटीपासून मेंदूचं अंतर दोन्हीकडे सारखं असेलच असं नाही. वय वाढतं तसा कपाळाकडचा भाग जास्त आक्रसतो, म्हणून पासष्टीच्या पेशंटमध्ये मी ही दोन्ही अंतरं एमआरआयवर मोजल्याशिवाय ताकद ठरवत नाही. साधा एमआरआय उपयोगी पडतो तो बहुतेक याच कामासाठी, नकाशासाठी नव्हे. बहिणीचा जुना एमआरआय असेल, डोकेदुखीसाठी वगैरे काढलेला, तर फिल्म नको, सीडी शोधा.

आता तो रंगीत नकाशा. २००५ मध्ये हेलन मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी तीव्र डिप्रेशनमध्ये मेंदूच्या खोल भागात, सबजेन्युअल सिंग्युलेटजवळ, इलेक्ट्रोड बसवून उपचार केले आणि हा भाग डिप्रेशनच्या जाळ्यातली मोठी गाठ आहे हे ठसलं. टीएमएस तिथपर्यंत पोचत नाही. पण २०१२ मध्ये मायकेल फॉक्स आणि सहकाऱ्यांना एक लक्षणीय गोष्ट दिसली. डीएलपीएफसीमधले जे बिंदू या खोल भागाच्या उलट वागतात, म्हणजे तराजूच्या दोन पारड्यांसारखं एक वर गेलं की दुसरं खाली जातं, त्या बिंदूंवर दिलेला उपचार जास्त चांगला ठरला होता. पुढे इतर गटांनाही असंच आढळलं. मग कल्पना निघाली की प्रत्येकाचा फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांबरोबर कसे काम करतात ते टिपणारा स्कॅन, काढायचा, त्याच्या मेंदूत सगळ्यात उलट वागणारा बिंदू शोधायचा आणि तिथेच कॉइल ठेवायची.

कल्पना सुंदर आहे आणि मला ती बरोबर वाटते. अडचण मोजमापाची आहे. सबजेन्युअल भाग नाकाच्या मागच्या हवेच्या पोकळ्यांच्या वर बसलेला असतो, आणि हवेजवळ एमआरआयचा सिग्नल विस्कटतो. त्यात आठदहा मिनिटांचा स्कॅन एका माणसाच्या पातळीवर फार डळमळीत असतो. त्याच माणसाचा परवा पुन्हा काढला, तर ‘सर्वोत्तम बिंदू’ बोटभर सरकलेला सापडू शकतो. मग अचूक काय राहिलं? एकाच माणसाचा विश्वसनीय नकाशा काढायचा तर अर्ध्या तासाहून जास्त स्कॅन, डोकं न हलवता, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी, आणि सिग्नल वाचवणारं खास तंत्र लागतं. न्यूयॉर्कमध्ये कॉनर लिस्टन आणि चार्ल्स लिंच यांच्या गटानं हे करून दाखवलंय. डिप्रेशन असलेल्यांमध्ये ‘सेलियन्स’ नावाचं जाळं कॉर्टेक्सवर जवळजवळ दुप्पट पसरलेलं असतं, हे २०२४ मध्ये त्यांनी अशाच दीर्घ स्कॅनमधून मांडलं. मला वाटतं पुढची वाट तीच आहे. पण ते काम आणि पंधरा मिनिटांच्या स्कॅनवरून छापलेला नकाशा, या दोन गोष्टींना एकच नाव देऊ नये.

मोठ्या संख्येनं पेशंट घेऊन तपासल्यावर काय दिसतं, हेही तुम्हाला कळायला हवं. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ४१४ पेशंटच्या चाचणीत साडेसदतीस मिनिटांचा जुना उपचार आणि झुपक्याझुपक्यानं भराभर ठोके देणारा तीन मिनिटांचा ‘थीटा बर्स्ट’ हे जवळपास सारखेच परिणामकारक ठरले. सगळ्यांना एमआरआय-नॅव्हिगेशननं एकाच प्रमाणित बिंदूवर उपचार दिला होता. त्यातल्या जवळजवळ तीनशे पेशंटचे फंक्शनल स्कॅन नंतर तपासले, तेव्हा सबजेन्युअल भागाशी असलेल्या नात्यानं परिणामातला फक्त ३ टक्के फरक समजावता आला. तो निष्कर्ष २०२३ मध्ये आला. गंमत म्हणजे काही जणांच्या स्कॅनमध्ये श्वासाची एक विशिष्ट लय मिसळली होती आणि त्याच लोकांमध्ये हे नातं जास्त ठळक दिसत होतं. मग २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमच्या गटाची २५५ पेशंटची चाचणी आली. एका गटाला साध्या एमआरआयवरून ठरवलेल्या जागी नेहमीचा टीएमएस, दुसऱ्याला फंक्शनल नकाशावरून ठरवलेल्या वैयक्तिक बिंदूवर थीटा बर्स्ट. २६ आठवड्यांत दोन्ही गट चांगले सुधारले, आणि दोघांत फरक आढळला नाही. त्यांनी वापरलेलं जाळं वेगळं होतं, मेंदूच्या आतल्या घडीतल्या उजव्या इन्सुला या भागाशी जोडलेलं, त्यामुळे कल्पनाच खोटी ठरली असं मी म्हणणार नाही. पण अडीच पट पैशांचं समर्थन त्यातून होत नाही, हे स्पष्ट आहे.

आता तुम्ही स्टॅनफर्डच्या ‘सेंट’ पद्धतीबद्दल विचाराल, कारण दुसऱ्या केंद्रानं तिचं नाव घेतलंच असणार. नोलन विल्यम्स यांच्या गटाची ही पद्धत. पाच दिवस, दिवसाला दहा सत्रं, प्रत्येक सत्रात १८०० ठोके, एकूण ९०,००० ठोके, फंक्शनल स्कॅनवरून वैयक्तिक बिंदू, आणि मेंदूच्या अंतरानुसार दुरुस्त केलेली ताकद. २९ जणांच्या नियंत्रित चाचणीत चार आठवड्यांनंतर लक्षणांचा स्कोअर सरासरी ५२.५ टक्क्यांनी उतरला, नकली उपचारात ११.१ टक्क्यांनी. २०२२ मध्ये एफडीएनं परवानगी दिली. परिणाम मोठा आहे, यात वाद नाही. पण यात बिंदू बदलला, ठोक्यांची संख्या बदलली, दिवसातली सत्रं बदलली, ताकदीची पद्धतही बदलली. श्रेय यातल्या कशाला द्यायचं हे त्या चाचणीतून सांगता येत नाही. म्हणून नकाशा ‘सेंट’सारखा आणि सत्र मात्र दिवसाला एकच, असा प्रकार असेल, तर त्या चाचणीचे आकडे तुमच्या बहिणीला लागू करू देऊ नका.

जागेइतकाच वेळेचाही प्रश्न आहे, आणि संशोधनात सध्या मला सगळ्यात जास्त ओढ त्याची आहे. मेंदू प्रत्येक क्षणी सारख्या अवस्थेत नसतो. जर्मनीत ट्युबिंगनला उल्फ झीमान यांच्या गटानं २०१८ मध्ये दाखवलं, की हाताच्या भागातली ईईजीची लाट तळाशी असताना ठोका दिला तर पेशी जास्त सहज उत्तेजित होतात आणि बदल टिकतो. तीच लाट शिखरावर असताना दिलेल्या ठोक्यांनी तसं होत नाही. म्हणजे झोका मागे आला की ढकलायचा. डिप्रेशनच्या उपचारात हे आणण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण कपाळाच्या भागातली लय पकडणं बरंच अवघड आहे. तुमच्या शहरात कुणी ‘ईईजीनुसार वैयक्तिक फ्रिक्वेन्सी’ म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर आज त्यामागे पुरेसा पुरावा नाही. माणसाच्या ईईजीतल्या अल्फा नावाच्या लयीशी जुळवलेल्या एका चुंबकीय उपचाराची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सहभागी सगळ्यांचा हिशेब धरला, तर खऱ्या आणि नकली उपचारात फरक सिद्ध झाला नव्हता. आपल्या हातात आहे ते एवढंच, की खुर्चीत पेशंट जागा असावा. मोबाइल बाजूला, डुलकी लागू द्यायची नाही. माझी टेक्निशियन ताई त्या वीस मिनिटांत पेशंटशी आज घराबाहेर पडून काय करायचं, यावर बोलते. याचा पुरावा मी देऊ शकत नाही, पण मी ते थांबवणार नाही.

टीडीसीएस, म्हणजे बारीक विद्युतप्रवाहाचा पट्टा, हा वेगळा विषय आहे. त्यातला बराचसा प्रवाह त्वचेतूनच वळसा घालून निघून जातो, त्यामुळे प्रत्येक डोक्यात आत किती पोचतं यात मोठी तफावत असते. मोठ्या चाचण्यांचे निकालही एकमेकांशी जुळत नाहीत. दोन औषधांनी गुण न आलेल्या तुमच्या बहिणीसाठी मी सध्या तिकडे वळणार नाही.

या सगळ्याच्या आधीची अचूकता निदानाची. थायरॉइड बघितलंय का? बी१२? कधी चारसहा दिवस झोप न लागूनही उत्साह ओसंडतोय, खर्च वाढलाय, बोलणं थांबत नाहीये, असं झालं होतं का? तसं असेल तर बायपोलर आजाराचा विचार आधी करावा लागतो. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, कधी आलेली फिट, हेही सांगा. आणि बहीण खाणंपिणं सोडून बसली असेल, भास होत असतील किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार जोरात असतील, तर टीएमएसची वाट बघू नका. अशा वेळी ईसीटी, म्हणजे भूल देऊन केली जाणारी विजेची उपचारपद्धती, जास्त वेगानं आणि जास्त खात्रीनं काम करते. रात्रीअपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आता तुमचा निर्णय. मी तुमच्या जागी असते तर दोन्ही केंद्रांत जाऊन हेच विचारलं असतं. जागा कशी ठरवता आणि रोज ती तीच आहे हे कसं तपासता? थ्रेशोल्ड कोण काढतं, ईएमजीवर की डोळ्यांनी, आणि किती दिवसांनी पुन्हा काढता? स्कॅन साधा की फंक्शनल, फंक्शनल असेल तर किती मिनिटांचा? दर आठवड्याला लक्षणं प्रमाणित प्रश्नावलीवर मोजता का, आणि स्कोअर हलला नाही तर काय बदलता? टेपवाल्या केंद्रानं या प्रश्नांची शांतपणे, नोंदवही उघडून उत्तरं दिली आणि नकाशावाल्यांनी फक्त चित्र दाखवलं, तर मी टेपवाल्यांकडे जाईन आणि वाचलेल्या पैशांत रोज येण्याजाण्याची रिक्षा आणि सोबत कुणीतरी असण्याची सोय करेन. चार ते सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस जायचंय. मध्येच दहा दिवस खंड पडला, तर मिलिमीटरच्या अचूकतेला काही अर्थ उरत नाही. दुसरं केंद्र खरोखर नॅव्हिगेशननं रोज कॉइल तपासत असेल आणि तुम्हाला परवडत असेल, तर तिथे जायला माझी हरकत नाही. पण पैसे त्या रोजच्या तपासणीचे देताय, हे लक्षात ठेवून द्या.

पहिल्या दिवशी एक छोटी वही सोबत न्या. थ्रेशोल्डचा आकडा, उपचाराची ताकद, डोक्याची तिन्ही मापं, त्या दिवशी केस कसे बांधले होते, कुठल्या गोळ्या किती चालू होत्या, आणि प्रश्नावलीचा स्कोअर, एवढं लिहून घ्या. दहाव्या सत्रानंतर पुन्हा लिहा. काहीच हललं नसेल तर ती दोन पानं घेऊन डॉक्टरांसमोर बसा. दहाव्या सत्राला सुधारणा नसणं म्हणजे उपचार फसला असं नाही, बऱ्याच जणांना विसाव्या-पंचविसाव्या सत्रानंतर फरक जाणवतो. पण काही चुकत असेल तर ते त्या दोन पानांमधल्या फरकात सापडेल, आणि अजून दहा ते वीस सत्रं हातात असतील.